पस्तिसावं पत्र

शुक्रवार, ता. १२
सकाळचे अकरा

प्रिय सखे,

अनेक उत्तम आशीर्वाद.

यापुढची ओळ खोडलेली दिसेल. नेहमीचंच लिहिलं होतं, 'इकडे सर्व कुशल, तुझे कुशल कळवावे.' चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप तिकडेच जातो. मग खोडली. का खोडली ते सांगतो, पण जरा दमानं घे. तुला माझा कवितेचा तास ठाऊक आहे. आधी पहाट, मग पक्षी, मग ओढा, आणि घंटेला दोन मिनिटं उरली की कविता.

काल दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला आणि तुझी इस्त्री ऐकू आली. विजेची नव्हे, ती जुनी कोळशाची. आधी पाण्याचे शिंतोडे, मग चर्र, मग कापडावरून ती जड घसट, आणि शेवटी विटेवर टेकवल्याचा ठक्. शाळेच्या भिंतीच्या अलीकडे माझी चौथीची पोरं कविता म्हणायची, आणि पलीकडून तुझा ठक् बरोब्बर ओळीच्या मध्यावर, दम घ्यायच्या जागी पडायचा. तू तापानं पडलीस तेव्हा चार दिवस दुकान बंद होतं, आणि चाळीस पोरं एकाच ओळीवर अडखळत होती. हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, तुमच्या वर्गाचा ताल गेलाय." मी म्हटलं, "सर, ताल पलीकडे तापानं फणफणलाय." साऱ्या शिक्षक-खोलीनं महिनाभर मला त्यावरून छळलं, आणि महिन्यानंतर पेढे खाल्ले.

मास्तरानं इस्त्रीवालीशी लग्न केलं म्हणून माझ्या आईनं वर्षभर अबोला धरला होता. पुढे तिनंच अंथरूण धरलं आणि तिच्यापायी मी मागे राहिलो. तू परदेशातल्या लेकीच्या कागदांवर एकटी पुढे गेलीस. "तुम्ही आईंचं बघा, मी तिकडचं बघते," म्हणालीस. मी म्हटलं होतं, सहा महिन्यांत येतो. त्याला अकरा वर्षं झाली.

बातम्या द्यायच्या तर जिन्यातला दिवा अखेर कुणीतरी बदलला. खालच्या मजल्यावरच्यांना जुळं झालं, दोघंही एकाच वेळी रडतात म्हणजे निदान शिस्तीची आहेत. तुझी कुंडीतली वेल गच्चीच्या कठड्यापर्यंत पोचली आहे.

बास. घंटा झाली.

माफीचा अर्ज फेटाळला, सखे.

सोमवारी वकीलबाईंनी बोलावलं. एरवी त्या फोनवरच "होईल हो मास्तर" म्हणतात. समोर बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला, तेव्हाच मी समजलो. पाच पानी कागद आहे. तुझ्याकडेही प्रत जाईल म्हणाल्या, म्हणून हे पत्र घाईनं. तुला ते माझ्याकडून कळावं.

नियम तुला काय नव्यानं सांगू, पण लिहिल्याशिवाय मला माझंच खरं वाटत नाही. आई गेली, मी तुझ्याकडे पाहुणा म्हणून आलो, सहा महिन्यांची परवानगी. पाचव्या महिन्यात तुझं पोट फाडलं. तुला उठून बसता येत नव्हतं, तर मी कुठल्या तोंडानं विमानात बसणार होतो? बावीस महिने राहिलो. विमानतळावर त्या पोरगेल्या अधिकाऱ्यानं शिक्का मारताना मला सॉरीसुद्धा म्हटलं. दहा वर्षं पाऊल ठेवायचं नाही. बायकोच्या उशाशी जास्त बसल्याची शिक्षा. तीन गेली, सात उरली. मी बहात्तर वर्षांचा.

माफी मिळते ती एकाच वाटेनं. तुला तिथे कायम राहायची परवानगी. मी नसल्यानं तुझे असह्य हाल होताहेत हे दाखवायचं. माझे हाल विचारातच घेत नाहीत. तुझेच हवेत, आणि तेही साधेसुधे चालत नाहीत.

आता कागदावरचं वाक्य ऐक. मी ते पाठ केलंय, आयुष्यभर दुसरं केलं काय? "सादर केलेल्या चौतीस पत्रांवरून अर्जदाराची पत्नी समाधानी, निरोगी आणि आपल्या कामात रमलेली असल्याचे दिसून येते." जन्मभर पोरांना म्हटलं, 'रसग्रहण करा, दहा गुण.' या माणसानं तुझ्या पत्रांचं रसग्रहण केलंय. आणि त्याची चूक नाही गं. त्याच्यापुढे जे ठेवलं त्यावरून त्यानं बरोबर उत्तर लिहिलं.

ठेवलं मी.

वकीलबाईंनी पत्रं मागितली होती ती लग्न खरं आहे हे दाखवायला. मी खूश झालो. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणाला, "आजोबा, प्रेमपत्रांच्या तीन-तीन प्रती? आजींना कळलं तर?" मी म्हटलं, "आजींनीच लिहिलीत, त्यांना काय कळायचं राहिलंय." छाती फुगवून आलो. वकीलबाई भाषांतराला माणूस देणार होत्या. मी म्हटलं, छे, माझ्या बायकोची पत्रं परका माणूस काय उतरवणार! मी करतो. शब्दकोश घेऊन सात आठवडे बसलो.

तू लिहिलं होतंस, "चाललंय." त्या शब्दात किती पाय ओढणं असतं ते आपल्या माणसाला कळतं. मी लिहिलं, 'मी आनंदात आहे.' तू लिहिलंस, "एकटीसाठी काय रांधायचं, पाव खाऊन पडते." मी लिहिलं, 'माझा आहार साधा आणि हलका असतो.' तू लिहिलंस, "रविवार संपता संपत नाही." मी लिहिलं, 'रविवारी मला भरपूर निवांतपणा मिळतो.' प्रत्येक पत्राच्या शेवटी तू सवयीनं घालतेस ते "माझी काळजी करू नये" मात्र मी अगदी शब्दशः उतरवलं. चौतीस वेळा.

मला काय वाटलं सांगू? परक्या दारात आपलं माणूस नीटनेटकं उभं राहावं. घरचं दुःख चव्हाट्यावर कशाला? तुझी पत्रं मी इस्त्री करून दिली, सखे. एक सुरकुती राहू दिली नाही. आणि त्यांना बघायच्या होत्या त्या सुरकुत्याच.

आता तू म्हणशील, चौतीस कशी? मी तर पस्तीस पाठवली.

थांब, पाणी पिऊन येतो.

पस्तिसावं मी दिलंच नाही. ते लेकीच्या अक्षरात होतं, तुझा हात गळ्यात बांधलेला होता म्हणून. मी मनाशी म्हटलं, अक्षर तुझं नाही, म्हणजे हे तुझं पत्रच नाही. बघ, मास्तर माणूस स्वतःला कशी पळवाट काढून देतो. खरं कारण वेगळं होतं. त्यात तू सांगितलं होतंस की तू कामाला आहेस त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या ढिगामागे ओल्या फरशीवर घसरलीस. सुट्टीची वेळ, यंत्रांचा आवाज, चार तास कुणी आलं नाही. खांदा निखळलेला. अंगावरचे कपडे खराब झाले, आणि सापडलीस तेव्हा तुला दुखण्याहून त्याचीच जास्त लाज वाटली. आणि मग ते वाक्य, "मी तुम्हाला हाका मारत होते. वेड्यासारखी. तुम्ही कुठे ऐकणार होता."

हे मी भाषांतर छापणाऱ्या टाइपवालीला सांगायचं? कुणा साहेबानं चष्मा पुसत वाचायचं? माझ्यानं झालं नाही. पत्र घडी घालून माझ्या कवितेच्या वृत्तांच्या वहीत ठेवलं. आणि चौतिसांच्या खाली सही केली, 'हे संपूर्ण व खरे भाषांतर आहे.'

सोमवारी ते बाईंपुढे काढलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मास्तर, अहो काय करून बसलात!"

"आता द्या ना. अपिलाला तीस दिवस आहेत म्हणालात."

"देते की. मग ते विचारतील, आधी का नाही दिलं? आणि हे पत्र मिळालं म्हणजे ते बाकीचीही पुन्हा त्यांच्या माणसाकडून वाचून घेतील. 'संपूर्ण व खरे', खाली सही कुणाची? आधीच एकदा नियम मोडलेला माणूस. दुसऱ्यांदा खोटं सापडलं तर दहा वर्षं नाही, कायमचं दार बंद."

"आणि नाही दिलं तर?"

"तर तुमच्या बाई मजेत आहेत."

त्या चिडून बोलल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जिन्यापर्यंत सोडायला आल्या, म्हणाल्या, "माझे वडील पण असेच. ताप आला तरी म्हणायचे, हवा गरम आहे."

चार दिवस झाले. तुला हे कळवायला रोज बसतो आणि रोज पहाट-पक्षी-ओढा करून उठतो. अपील करू नका, असं तू सांगितलंस तर करणार नाही. करा म्हणालीस तरी कशाच्या जोरावर करू ते कळत नाही. 'तूच इकडे ये' असं लिहायला पेन टेकवलं होतं. पण तुझ्या पेन्शनला दोन वर्षं राहिलीत, खांद्याचे उपचार तिथेच फुकट आहेत, आणि वर्षभर बाहेर राहिलीस की तुझेही कागद धोक्यात येतात. मग आपण दोघंही लेकीच्या दाराबाहेर. नको. तू येऊ नकोस. सात वर्षं म्हणजे मी एकोणऐंशी, तू सत्तर. मला नाही वाटत, सखे. पोरांना मी शिकवायचो, कवितेत विरह असतो तो मिलनाची गोडी वाढवायला असतो. ते ज्यांनी लिहिलं त्यांना शेवटचं कडवं माहीत होतं.

तुझ्या हाका मला ऐकू आल्या नाहीत याचं दुःख होतंच. पण कागदावर आल्या, माझ्या हातात आल्या, आणि मी त्या वहीत मिटून ठेवल्या. हे मला फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर आपली पाच मिनिटं, त्यात तीन मिनिटं "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का."

दार वाजतंय. दूधवाला नव्हे, तो कधीच येऊन गेला. बघून येतो.

सखे, दारात लेक आहे.

कळवलं नाही, फोन नाही. खांद्याला एक पिशवी, तेवढ्यावर एवढ्या लांब आली. मी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि कडीला हात लावला, तो तसाच राहिला. विचारलं, "आई बरी आहे ना?"

"आहे तशी आहे. शेजारच्या मावशी तिच्याकडे झोपायला येतायत. बाबा, उघडा आधी."

"मग तू कशी काय?"

"आईनं पाठवलंय. तो कागद आला ना घरी. म्हणाली, पस्तिसावं पत्र कुठे गेलं ते बाबांना विचारू नकोस, मला माहितीय त्यांनी का ठेवलं. फक्त ते कसे आहेत ते डोळ्यांनी बघून ये. त्यांच्या पत्रांवरून काही कळत नाही."

मी म्हटलं, एक मिनिट, अंगात सदरा घालतो. खोटं बोललो, सदरा घातलेलाच आहे. टेबलाशी येऊन हे लिहितोय. ती बाहेरून म्हणतेय, "बाबा, कडी काढताय की मी चावीवाला आणू?"

ती आत येईल आणि सगळं बघेल. दाढीचे खुंट, ओट्यावरचा परवाचा पाव, पलंगाच्या एकाच कडेला पडलेली चादर. औषधाच्या पुड्या न फोडलेल्या. मार्चपासून उजव्या डोळ्यानं दिसत नाही, म्हणून मी दाराकडे येताना भिंत चाचपत येतो, तेही बघेल. तिच्या डोळ्यांना भाषांतर लागणार नाही, आणि खाली माझी सहीही लागणार नाही. ती जाऊन तुला सांगेल त्याआधी मीच सांगतो. आता कडी काढतो.

बरा नसलेला,
तुझा
मास्तर