पहिलीचा टाक

मंगळवार, दिवेलागण. जाफराबाद.

शेतातल्या समाधीच्या दगडावरचा शेंदूर आज खरवडला. नाव निघालं, सौ. राधाबाई. वंशावळीच्या कागदांत ही बाई कुठंच नाही. चुलतसासऱ्यांना विचारलं. म्हणाले, "माझ्या आजाची पयली बायको व्हती ती. सवत कोपू न्हाई म्हणून दुसरीनं तिचा चांदीचा टाक जन्मभर गळ्यात घातल्ता. तुझ्या देव्हाऱ्यात असंल बघ."

होता. नाकडोळे झिजून सपाट झालेला. दिवाळीत मीच सोनाराकडून आटवून घेतला आणि जोडवी केली. वंशावळ लिहायला निघालेली मी!

त्यांना म्हटलं, बघते. काय बघणार? तो सपाट चेहरा? जोडवी काढून ठेवावीत, तर सवाष्णीनं ती काढायची नसतात.

दुसरीनं तिला गळ्यात वागवलं. मी दिवाळीपासून पायात.