पळसाखाली घेतलेलं नाव

सोलापूर,
मंगळवार, २५ मार्च २०२५

ती. नागम्माअक्कांना,
महेश्वरीचे शरणु शरणार्थी.

इकडे सगळं ठीक आहे. ऊन आत्ताच डोळे वटारायला लागलंय, वैशाखात काय करेल कोण जाणे. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावायला आलेल्या सूनबाईंना तुम्ही पिटाळून लावता, असं कानावर आलंय. लावून घ्या हो. ती बिचारी तुमच्या धाकात असते, म्हणून तिच्या वतीने मी सांगते.

पत्र बघून म्हणाल, हिला काय झालं, फोन धडधाकट असताना? अक्का, तुमच्या घरी फोन स्पीकरवर असतो. तुम्हाला ऐकू यावं म्हणून मी ओरडते आणि माझी खुशाली आडत दुकानातल्या हमालांपर्यंत पोचते. आजचं सांगणं फक्त तुमच्यासाठी आहे. चष्मा लावा आणि देवघरात बसून वाचा. दुकानाशेजारच्या सिद्धलिंगअण्णांची सून रविवारी सोलापुरात होती. तिने माझ्याबद्दल काही सांगितलं असेल, मोबाईलवर काही दाखवलं असेल, तर हे पत्र पुरं होईपर्यंत मन कडू करू नका. लोक काय म्हणतील ते मी बघून घेईन. तुम्ही तुटलात तर मात्र मला झेपणार नाही.

आता सुरुवातीपासून सांगते.

कॉलेजातून निवृत्त झाले तरी फाल्गुन लागला की मला बोलावणं येतंच. मागच्या माळावर आम्ही उभी केलेली झाडी तुम्ही पाहिली आहे. आता तिच्या फाटकावर 'वृक्षोद्यान' अशी पाटी आहे. फाल्गुन-चैत्रात दर रविवारी सकाळी ती सगळ्यांसाठी उघडी असते. लोक येतात, मी पुढे चालते, झाडं दाखवते, मग एखाद्या झाडाखाली बसून तासभर गप्पा. व्यवस्था श्रीदेवी बघते. माझी विद्यार्थिनी होती, आता तिथेच शिकवते आणि माझ्यावरच हुकूम सोडते.

लोक फार मजेचे असतात. निम्म्यांना वाटतं रोपं फुकट मिळणार. उरलेल्यांना प्रत्येक झाड साखरेच्या आजाराला चालतं का, एवढंच हवं असतं. मी पिंपळाची कोवळी तांबूस पालवी दाखवते, तर मागून आवाज येतो, "मॅडम, ह्याचा काढा करतात का?" एक गृहस्थ तर गेल्या वर्षी काटेसावरीला टेकून माझ्या भाषणात चक्क झोपले. काट्यांना टेकून झोपणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. शहाजीराव त्यांचं नाव. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

शिवरात्रीला तुमच्याकडे बेल घेऊन आले होते ना, तो तिथलाच. तुम्ही पानं निवडताना म्हणालात, "काय गं, काय तरी बोलायचंय तुला." मी म्हटलं, काही नाही. होतं, अक्का. पण तुमच्या हातात देवाची पानं होती आणि माझी जीभ उचलेना.

तर शहाजीराव. गप्पा संपल्यावर मी त्यांना झापलं, की झोपायचंच असेल तर घरी पलंग नाही का? ते म्हणाले, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण बायको गेल्यापासून एकट्याने चालवत नाही. इथे कुणीतरी बोलत असतं, म्हणून पाय उचलतो. पुढच्या रविवारी ते परत आले. जागे राहिले. येताना सगळ्यांना पुरेल एवढं ताक आणलं.

मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. तुमच्या दुधनीच्या स्टेशनात सिग्नल मिळेपर्यंत किती वेळा ताटकळलेत, ते रंगवून सांगतात. मुलगा पुण्यात असतो. पावसाळ्यात झाडीतले कार्यक्रम बंद झाले, तरी त्यांचे फोन बंद झाले नाहीत. कधी विचारायचे, दारातला कडुनिंब का वाळतोय, कधी म्हणायचे, आज कारळ्याची चटणी फसली. दिवाळीत मला ताप आला, तेव्हा पेज करून डबा दारात ठेवून गेले, आत आले नाहीत. मला त्यांच्या फोनची सवय लागली. सवय म्हणते, पण तो शब्द पुरत नाही, हे तुमच्यासारख्या चाणाक्ष बाईला सांगायला नको.

आता रविवारचं.

श्रीदेवीने नवीन टूम काढली. पळस ऐन फुलात आहे, खाली केशरी सडा पडलाय, तिथे सगळ्यांना बसवलं आणि म्हणाली, प्रत्येकाने झाडाचं नाव घालून उखाणा घ्यायचा. म्हणजे झाड लक्षात राहील. बाया खुलल्या. सिद्धलिंगअण्णांची सून बहिणीबरोबर आली होती, तिने बहाव्यावरचा झकास घेतला. पुरुषसुद्धा लाजत लाजत पुढे आले. मग श्रीदेवी माझ्याकडे वळली. मी मानेनेच नाही म्हटलं. विधवेने उखाणा घ्यायचा नसतो हे तिलाही ठाऊक आहे, पण ती म्हणाली, "मॅडम, सर नाहीत म्हणून त्यांचं नावही घ्यायचं नाही, हे कुठलं?" मला ते पटलं. मल्लिनाथांचं नाव पळसाखाली मोठ्याने घ्यावं, असं खरोखर वाटलं.

मला येतो तो एकच उखाणा. तुम्हाला पाठ आहे. लग्नाच्या दिवशी तुम्ही नणंदेच्या मानाने दार अडवून उभ्या होतात, नाव घेतल्याशिवाय आत सोडेनात, आणि मी घाबरून झाडांचाच आधार घेतला होता:

पळसाला पानं तीन, बेलालाही पानं तीन,
मल्लिनाथांच्या संसारात झाले मी तल्लीन.

तुम्ही किती हसला होतात. वनस्पतिशास्त्राची बाई आणलीय म्हणे, आता हिला शेतातच ठेवा.

तोच घ्यायला उभी राहिले. पहिली ओळ म्हटली. दुसरीला तोंडातून आलं, 'शहाजीरावांच्या.'

कळलं ते ओळ पुरी झाल्यावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय माहीत माझ्या नवऱ्याचं नाव काय होतं. श्रीदेवीने तेवढी टाळी वाजवली नाही. सिद्धलिंगअण्णांच्या सुनेचा मोबाईल माझ्याकडेच रोखलेला होता. तेवढ्यात मागून शहाजीरावांनी अगदी शांतपणे विचारलं, की ह्या फुलांचा रंग धुतल्यावर टिकतो का? सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. मी रंगाबद्दल काय बोलले, मला आठवत नाही.

लोक पांगल्यावर ते फाटकाशी थांबले होते. म्हणाले, "बाई, चुकून आलं असंल तर मी ऐकलं न्हाय. पण चुकून आलं नसंल, तर माझं मन कवाच ठरलंय. तुमी सावकाश सांगा."

मी रिक्षात बसले आणि सात रस्ता चौक येईपर्यंत रडले. रिक्षावाल्याने कोण गेलं म्हणून विचारलं.

घरी येऊन मल्लिनाथांच्या फोटोसमोर बसले. अक्का, माझा त्यांच्यावर जीव होता, आजही आहे. त्यांनी मला उन्हातान्हात झाडं लावत फिरू दिलं. चादरींचं दुकान बंद करून स्कूटर घेऊन फाटकाबाहेर उभे राहायचे, एकदासुद्धा हॉर्न वाजवला नाही. त्यांची जागा कुणाला दिली, असं मला वाटत नाही. पण घरात संध्याकाळी कुणाशी तरी भांडावंसं वाटतं, भाजीत मीठ कमी झालं तर कुणीतरी म्हणावंसं वाटतं. सहा वर्षं मी नीटनेटकी राहिले आणि त्या नीटनेटकेपणाचा मला आता कंटाळा आलाय.

काल शहाजीरावांना हो म्हटलं. बसवजयंती झाली की नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरलंय. ते मटण खातात. माझ्या स्वयंपाकघरात नाही, असं त्यांनी आपणहून कबूल केलंय. माझं लिंगपूजन चालू राहील, त्यांचा बिरोबा त्यांच्याकडे राहील. त्यांना तुमच्या पाया पडायला यायचं आहे. मी म्हटलं, आधी अक्कांना पत्र जाऊ दे, मग बघू. "अक्का रागावल्या तर?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लग्न करेन, पण अर्धी होऊन करेन.

म्हणजे परवानगी मागायला लिहीत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. खोटी नम्रता तुम्हाला चालत नाही आणि मला जमत नाही. मी मागते आहे ते दुसरंच, आणि आतापर्यंत त्याच्याच भोवती फिरते आहे.

मल्लिनाथांना तुमच्या मळ्यात समाधी दिली त्या दिवशी सगळे मला माहेरी पाठवायच्या गोष्टी करत होते. माहेरी कोण होतं माझं? तुम्ही सगळ्यांसमोर माझा दंड धरलात आणि म्हणालात, "भाऊ गेला म्हणून ही कुटं जाती? ही आमचीच की." दर वर्षी समाधीची पूजा झाली की शेजारच्या मोकळ्या जमिनीवर हात ठेवून सांगता, ही जागा तुझी, हितं कुणी नांगर घालणार न्हाय. त्या जागेवर मी निर्धास्त जगले, अक्का. आपण शेवटी कुणाजवळ जाणार हे माहीत असलं की एकटं राहायची भीती वाटत नाही.

ती जागा आता माझी राहील का, हे विचारायचा धीर होत नाही. तुम्ही नांगर घातलात तर तुमचा हक्क आहे, मी तोंडातून शब्द काढणार नाही. शहाजीरावांना मी हे सांगितलंय, की मला शेवटी दुधनीलाच जायचंय. ते म्हणाले, "मग तवर तरी माझ्याकडं ऱ्हावा की."

एवढंच. रागावा, भांडा, वाटलं तर कन्नडमध्ये शिव्या द्या, मला सगळ्या कळतात. पण बोलणं सोडू नका. आणि उत्तर लिहाल तेव्हा पाकिटावर माझ्या नावापुढे तुमच्या माहेरचं कलशेट्टीच लिहा. नुसतं महेश्वरी लिहिलंत तरी पत्र पोचेल, आमचा पोस्टमन मला ओळखतो. पण ते पाकीट उघडायला मला फार वेळ लागेल.

तुमच्या भावाची,
आणि तुम्ही ठेवाल तोवर तुमची,
महेश्वरी