तीन किलवर कुणाशी ठरले?

अहो,

जेवण झाकून ठेवलंय. मी ताईकडे जातेय.

ब्रिजमध्ये मी ‘एक बदाम’ अशी बोली लावली आणि तुमच्याकडेही बदाम असले, की ‘तीन बदाम’ म्हणायचं, हे आपलं बावीस वर्षांचं ठरलेलं. काल क्लबात तुम्ही ‘तीन किलवर’ म्हणालात. मी भाबडेपणानं तुमच्याकडे खरंच किलवर आहेत समजून ‘पास’ म्हटलं, डाव बुडाला. वर म्हणता, “अगं, ती खूण! म्हणजे माझ्या हातात चार बदाम!”

कुणाशी ठरलं हे? चुकणारा माणूस अडखळतो. तुम्ही तर सरावानं बोललात. दर मंगळवारी दातांच्या डॉक्टरांकडे जाता, दाढ मात्र अजून ठणकतेच.

रविवारच्या स्पर्धेचा फॉर्म फ्रिजवर लावलाय. जोडीदाराची जागा कोरी आहे. तिथे स्वतःचं नाव घालण्याआधी मंगळवारच्या जोडीदाराचं नाव मागच्या बाजूला लिहा.

पेन्सिल तिथेच आहे. खोडरबर मी नेलंय.