कर्ज फेडल्याचा दंड

६ नोव्हेंबर
आज कर्ज संपलं. म्हणजे संपायला हवं होतं.
क्लिनिकमधून अर्धा दिवस रजा घेतली. विलासला रात्रपाळी होती, तो झोप टाकून आला. वळ गावच्या जमिनीतला त्याचा वाटा हातात आलाय, तो सगळा भरून मोकळं व्हायचं ठरलेलं. जाताना पेढे पण घेतले, वेड्यासारखे.
मॅनेजर कदमांनी कॉम्प्युटर बघितला. "यात फोरक्लोजर चार्जेस लागतील. शिल्लक रकमेवर चार टक्के, वर जीएसटी."
"कसले चार्जेस?"
"मुदतीआधी बंद करताय ना, मॅडम."
हप्ता चुकला तर दंड. फेडलं तरी दंड. आणि तो भरल्याशिवाय घराचे मूळ कागद मिळणार नाहीत. विलास बँकेत तोंड उघडतच नाही, आजही नाही. बाजूला ठेवलेले पैसे त्यात घातले. पेढ्यांचा बॉक्स तसाच घरी.

७ नोव्हेंबर
झोप नीट नाही. ते बाजूला ठेवलेले पैसे नोंदणीचे होते.
सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या चौथ्या मजल्यावर अडकल्यात. बिल्डिंगला लिफ्ट नाही. खालच्या अन्सारी चाचांशी केवढ्या मुश्किलीने जमवलं होतं! त्यांचा मुलगा इम्रान, त्याची बायको-पोरं वर येणार, आम्ही त्यांच्या तळमजल्यावर. घराला घर, वर एक पैसा नाही. त्यांना हवा आणि उजेड पाहिजे, आम्हाला जिने नकोत. फक्त अदलाबदलीच्या नोंदणीचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा.
आमचा निम्मा काल बँकेने खाल्ला. चाचांना अजून सांगितलेलं नाही.

१५ नोव्हेंबर
सासूबाईंचा एक्स-रे. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, ओढणीने बांधून, विलास आणि इम्रान दोघांनी उतरवलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली. त्या ओरडल्या, "मी काय पार्सल हाय का रं? नीट धरा!" इम्रान हसला, त्याही हसल्या. वर आणताना मात्र कुणी हसलं नाही.
डॉक्टर म्हणतात चालवा, रोज थोडं मोकळ्यावर चालवा. कुठे चालवू? पॅसेजमध्ये?
जिन्यातच चाचांना सांगून टाकलं पैशाचं. "कोई बात नहीं बेटी, आराम से." पण इम्रानच्या बायकोचा चेहरा उतरला. तिने वरच्या खोलीचे पडदे शिवायला टाकलेत.

१९ नोव्हेंबर
दुपारी क्लिनिकमध्ये पेशंट नव्हते. मोबाईलवर वाचत बसले. माणसाने घरासाठी घेतलेलं कर्ज, व्याज बदलत्या दराचं असेल, तर मुदतीआधी बंद केल्याचे पैसे घेताच येत नाहीत. रिझर्व्ह बँकेचाच नियम. जुना आहे, कालचा नाही. आमचं व्याज बदलतंच होतं की. दर वेळी वरच बदलायचं!
तीनदा वाचलं. आधी आनंद झाला, मग इतका राग आला की पुढच्या पेशंटला चुकीचा नंबर दिला.

२० नोव्हेंबर
अर्ज लिहून बँकेत. कदम : "मेल टाका ना, इथे काही होत नाही."
पैसे घ्यायच्या वेळी इथे झालं होतं.
पोच द्या म्हटलं तर शिक्का सापडेना. उभी राहिले. मागे लाईन वाढली, एक काका चिडले, माझ्यावर. मग सापडला शिक्का.

१० डिसेंबर
उत्तर आलं. सहकर्जदार ही व्यक्ती नसून फर्म आहे, त्यामुळे नियम लागू नाही, शुल्क योग्य. तसदीबद्दल क्षमस्व.
फर्म! विलासचे कापडाचे आठ लूम. एक भाड्याचा गाळा, दोन कारागीर आणि तिसरा हा स्वतः. कर्ज माझ्या नावावर, पण काढताना कमाई तिथली होती म्हणून एजंटने गाळ्याचं नाव फाईलमध्ये टाकायला लावलं. दोन वर्षांत बंद पडला. लूम भंगारात गेले, किलोवर. त्या दिवशी विलास टेम्पोमागे नाक्यापर्यंत चालत गेला होता. तेव्हापासून मानकोलीच्या गोडाऊनमध्ये शिफ्ट. गाळ्याचं नाव घरात कुणी काढत नाही.
आज मला ते मोठ्याने वाचून दाखवावं लागलं.
तो जेवता जेवता थांबला. "जाऊ दे. आपलीच सही हाय त्याच्यावर."
मी म्हटलं, "अहो, सही तुमची आहे. फर्मला हात आहेत का सही करायला?"
उठून गेला.

१४ डिसेंबर
त्याच्याशी बोलणं नाही. कामापुरतं.
सासूबाईंना सगळं ऐकू येतं. आज केस विंचरताना म्हणाल्या, "माझ्यापायी भांडू नका. मना काय, खिडकीतून दिसतंय सगळा." खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते.

१८ डिसेंबर
परत कदम. विलासचा पॅन दाखवला, गाळ्याचा टॅक्सचा कागद दाखवला. नंबर एकच. म्हटलं, ही कंपनी नाही, भागीदारी नाही. गाळा म्हणजे हाच माणूस. तुमच्यासमोर हप्ते भरत होता तो.
"मॅडम, मला पटतंय. सिस्टीममध्ये नॉन-इंडिव्हिज्युअल दाखवतंय."
"मग सिस्टीमला सांगा."
"सिस्टीम मुंबईहून चालते."
पटतंय म्हणणाऱ्या माणसाशी भांडता पण येत नाही. त्याच्यापेक्षा ओरडणारा बरा.

२६ डिसेंबर
रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार टाकली. तीनदा पेज उडालं. शेवटी इम्रान लॅपटॉप घेऊन आला, त्याच्या बायकोने चहा पाठवला. बऱ्याच दिवसांनी बोलली माझ्याशी. "दीदी, हो जाएगा ना?" हो म्हटलं. काय म्हणणार?

११ जानेवारी
चाचांच्या भाच्याने तळमजल्यासाठी गिऱ्हाईक आणलंय. दुकान टाकणारा, रोख. चाचा स्वतः वर आले, चार मजले, दम लागलेला, हे सांगायला. खाली बोलावलं असतं तर मी गेले असते. चाचा सासूबाईंजवळ बसले.
"आपा, ज़बान तो आपको दी है. मगर लड़का पूछता है कब तक."
सासूबाई : "त्याचा बराबर हाय. पोराबालांचा घर हाय त्याचा."
मला रडू आलं, किचनमध्ये गेले. बँकेवर रडतेय की कशावर, कळेना. चाचांना तारीख पाहिजे होती आणि माझ्याकडे फक्त तक्रारीचा नंबर.

१२ जानेवारी
विलास रात्रपाळीहून आला तो वर न येता अन्सारींच्या दारात. मी ग्रिलमधून बघितलं. बराच वेळ बोलत होते, इम्रान आणि तो. वर येऊन चप्पल काढता काढता म्हणाला, "गोडाऊनच्या पतपेढीतून उचल काढतो. नोंदणी करून टाकू. बँकेचं चालू दे तुझं."
कर्ज संपवलं त्याच्या दंडापायी नवीन कर्ज. हसावं की काय करावं.
पण "चालू दे तुझं" म्हणाला. जाऊ दे नाही म्हणाला.

२ फेब्रुवारी
नोंदणी झाली. अंगठे, फोटो, दिवसभर बाकड्यावर. चाचांनी सगळ्यांना भजी खायला घातली.

८ फेब्रुवारी
सामान वर-खाली. आमचं कपाट उतरतंय, त्यांचं चढतंय, जिन्यात दोन्ही अडकले. सासूबाईंची खुर्ची सगळ्यात शेवटी. शेवटच्या पायरीवर म्हणाल्या, "थांबा. हितून मी जातंय." विलासच्या खांद्याला धरून उतरल्या. एक पायरी. दारात उभ्या राहिल्या, गटाराचा वास येतोय म्हणाल्या, आणि तिथेच बसल्या. संध्याकाळपर्यंत आत यायला तयार नाहीत. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून बोलत होता.

१७ फेब्रुवारी
कदमांचा फोन. स्वतःहून! बँक निम्मे परत द्यायला तयार, "सद्भावना म्हणून". एका कागदावर सही करायची, तक्रार मागे.
निम्मे म्हणजे पतपेढीची बरीचशी उचल फिटेल. दिवसभर डोक्यात तेच. चूक नाही तर निम्मे का देताय? आणि चूक असेल तर निम्मे का ठेवताय? पण उचल... हप्ता तर विलासच्या पगारातून कापला जातोय. हे एकटीने ठरवायचं नाही.

१९ फेब्रुवारी
दोघे बँकेत. कागद इंग्रजी, छोट्या अक्षरात. शुल्क नियमानुसारच घेतलं होतं हे मान्य, पुढे कुठेही दाद मागणार नाही. मी विलासकडे बघितलं. मी घ्या म्हणणार होते. खरंच. थकले होते.
कदमांनी पेन पुढे केलं. "विलासभाऊ, आधी तुमची इथे सही. आणि शेजारी फर्मचा शिक्का लागेल."
"शिक्का कुठला आणू?"
"फर्मचा, नवीन बनवून घ्या. स्टेशनरीवाला दहा मिनिटांत देतो."
विलासने पेन घेतलं नाही. मग बोलला. त्या बँकेत पहिल्यांदा, आणि आवाज मोठा होता. "सायेब, फर्म मेली. मी जाळून आलोय तिला. हप्ते मी भरलेत, गोडाऊनमध्ये पेट्या उचलून. पयसं देताना मी मानूस नव्हतो, आता घेताना बी न्हाय?"
काउंटरवरच्या मुली बघायला लागल्या. त्याने कागद कदमांकडे सरकवला, सही न करता.
बाहेर आलो. त्याचे कान लाल. "चुकलं का गो माझं?"
नाही म्हटलं. उसाचा रस प्यायलो, एक-एक ग्लास.

३ मार्च
पतपेढीचा दुसरा हप्ता कापला. या महिन्यात तंगी आहे. मधेच वाटतं घ्यायला हवे होते निम्मे. विलासला हे बोलणार नाही.

१३ मार्च
दुपारी लोकपालांच्या ऑफिसमधून फोन. एक बाई, आवाज तरुण, सरळ बोलणाऱ्या. माझं नाव विचारलं, कर्जाची माहिती विचारली, बँकेने कळवलंय की तक्रारदाराने समझोता नाकारला, खरं का? खरं. का नाकारला? सांगितलं, जेवढं जमलं तेवढं. क्लिनिकमध्ये दोन पेशंट समोर बसलेले, तेही ऐकत होते.
मग म्हणाल्या, "तक्रार तुमच्या नावाने आहे. सहकर्जदार म्हणून फर्म दिसतेय. त्या फर्मशी तुमचं नातं काय?"
मी म्हटलं, "मी तिची बायको."
पलीकडून टाईप करायचा आवाज आला, बराच वेळ.
"ठीक आहे," म्हणाल्या. "हे असंच लिहिते."