अनिवाची नोंद

अमरावती,
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मंजू,

अनेक आशीर्वाद. इकडे थंडी सुरू झाली. तुझी वहिनी ललिता बरी आहे. अकोल्याला तुम्ही सगळे ठीक असाल. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो.

तू खुशीला दिलेल्या मेणगडच्या कादंबऱ्या मी वाचल्या नाहीत. जादू-राक्षस आपल्याला जमत नाहीत. पण त्यांचा जाडजूड सोबती-कोश मागवला. राजघराणी, नकाशे, कोण कुठल्या खंडात येतो, सगळं त्यात आहे. मोटर वाइंडिंग मी असंच पुस्तकावरून शिकलो, कोणाच्या हाताखाली नाही. मेणगडच्या वेशी आता मला पाठ आहेत. नकाशात एक नदी चढावर वाहते, तेही प्रकाशकाला कळवलं. खुशीचं डायलिसिस चालतं तेवढा वेळ आम्ही बापलेक हेच बोलतो. एरवी ती माझ्याशी काय बोलणार?

तिची लाडकी अनिवा. तिला जगायचं तर दर तिसऱ्या रात्री धूरविहिरीत उतरावं लागतं. खुशी मशीनलाच धूरविहीर म्हणते. "चाला बाबा, उतरू," म्हणत ऑटोत बसते.

बसायची.

गुरुवारी म्हणाली, "पाचव्या खंडात अनिवा बरी होते, पाहा तुमी." तिच्या हातात चौथा होता. मी म्हणालो, "नाही. कोशात नोंद आहे. मृत्यू, खंड पाच, प्रकरण एकतीस." समोर चूक दिसली की मला राहवत नाही, तुला ठाऊक आहे.

तिनं पुस्तक मिटलं. "मंग मी काहून उतरू?"

शनिवारी गेली नाही. आजही नाही. डॉक्टर म्हणतात, आणखी चुकवलं तर जिवावर बेतेल. ललिता म्हणते, "तुमाले इचारलं होतं कोनं?" मी खुशीला सांगितलं, कोश चुकला असेल. तर म्हणते, "बाबा, खोटं बोलता तवा तुमी खाली पाहता."

आज पाचवा खंड उघडला. मला त्यात नुसती नावं दिसतात. मरणाआधी अनिवा काय काय करते, कशासाठी उतरत राहते, ते कोशात नाही. तू वाचलं आहेस. 'माझ्या पोरीच्या डोक्यात भुसा भरू नको,' असं मी तुला चारचौघांत बोललो. ते विसर म्हणत नाही. पण तिला वाचून दाखव. ती तुझंच ऐकेल.

माझ्याशी बोलू नकोस, चालेल. हे पत्र घेऊन आलेला गोपाल भाजीचा टेम्पो लावून खाली थांबला आहे. त्याच्यासोबतच ये, मंजू. उद्यावर नको टाकू.

इकडे दारातच वाट पाहत उभा असलेला,
तुझा देवमनदादा