टॉलेफसनांच्या केकचा वरचा थर

प्रिय आर्डिस मावशी,

तुला माझा, कोल्बीचा आणि हॅटीच्या चिकट हातांचा नमस्कार. गुडघा कसा आहे, भूक लागते का, तिकडे जेवायला बरं देतात का, सगळं कळव. तुमच्या वृद्धाश्रमात तापाची साथ आली म्हणून बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत असं कळलं, म्हणून हे पत्र. पत्राची मला सवय नाही. शाळा मी अर्धवट सोडली हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा चुका पदरात घे.

मावशी, मी चार रात्री झोपलेली नाही. तू म्हणशील, चार महिन्यांचं पोर घरात आहे, झोप यायची कुठून. पण हॅटीचा काही दोष नाही गं. ती सातला दूध पिते आणि पिठाच्या पोत्यासारखी पडते. (इतकी गाढ झोपते की मीच भिऊन तिच्या नाकाशी बोट धरते. मग ती जागी होते, रडते, आणि मला हायसं वाटतं. कोल्बी म्हणतो, पोरीला तू झोपू देत नाहीस आणि वर डॉक्टरला विचारतेस ती का रडते.) मी जागी आहे ती एका केकपायी. टॉलेफसनबाईंच्या लेकीच्या, अँजेलीनच्या, लग्नातल्या केकचा वरचा थर माझ्याकडे ठेवायला होता आणि तो हरवलाय. शनिवारी दुपारी बारा वाजता अँजेलीन नवऱ्याला घेऊन तो न्यायला माझ्या दारात येणार आहे, कारण रविवारी त्यांच्या लग्नाला वर्ष होतं.

आता तू म्हणशील, लोकांचे केक तू ठेवतेसच कशाला. तर त्याचं कारण आमचा कोल्बी. आमच्या लग्नातला वरचा थर मी सगळ्यांसारखाच गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवला होता, वर्षाने दोघांनी मिळून खायचा म्हणून. तिसऱ्या महिन्यात बघते तर हा बाबा फ्रीजरपाशी उभा, हातात काटा, तोंड भरलेलं. म्हणे, "मी फक्त बघत होतो, टिकतोय का." त्या दिवसापासून नवऱ्यांवरचा माझा विश्वास उडाला. केकचा धंदा सुरू केला तेव्हा पहिल्याच पाटीवर लिहिलं, वरचा थर वर्षभर आम्ही सांभाळू. आणि खरं सांगते मावशी, माझ्या केकपेक्षा लोकांना तेच जास्त आवडलं. इथे प्रत्येकाचा फ्रीजर हरणाच्या मांसाने गच्च, केकला जागा कुठे? माझ्याकडे गॅरेजमध्ये तो पेटीसारखा लांबडा फ्रीजर, त्यात अकरा जोडप्यांचे अकरा खोके. येताजाता झाकण उघडून मी ते मोजायची. एवढ्या लोकांचे संसार आपल्या भरवशावर आहेत, असं वाटायचं.

आणि नेमकं यंदा कोल्बीला हरीण मिळालं. चार वर्षं तो रिकाम्या हाताने परत येत होता, शिकाऱ्यांची केशरी टोपी घालून जायचा आणि सर्दी घेऊन यायचा. यंदा मिळालं ते एवढं मोठं, की त्याने आधी त्याचा फोटो काढला आणि मग हॅटीचा. मांस ठेवायला जागा हवी. मी तेव्हा हॅटीला टोचायला दवाखान्यात नेली होती. मला न विचारता याने माझे अकराही खोके उचलले आणि आमच्या लाइलच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवले. लाइल घरात नव्हता. चिठ्ठी नाही, निरोप नाही. "तुझाच भाऊ ना, त्याला काय सांगायचं?"

लाइल गावच्या अग्निशमन दलात फुकट काम करतो हे तुला माहीत आहे. त्या शनिवारी दलाचा केकवॉक होता. साहेबाने प्रत्येकाला बजावलं होतं, एकेक केक आणायचाच. लाइलला अंडं उकडता येत नाही. त्याने फ्रीजर उघडला तर आत अकरा केक. मावशी, तो म्हणतो त्याला गहिवरून आलं. त्याला वाटलं, बहिणीने न सांगता आपली लाज राखली. खोक्यांवर मी फक्त लग्नाची तारीख लिहिते. ती गेल्या वर्षीची बघूनही त्याला काही वाटलं नाही. मी विचारलं, "अरे, तुला वाटलं मी वर्षाचे शिळे केक गावाला खायला घालीन?" तर म्हणे, "ट्रेसा, गोठलेल्या वस्तूला वय नसतं." आणि अकराही खोके घेऊन हा शाळेच्या हॉलमध्ये गेला. जमिनीवर खडूने आकडे काढले, गाणं लावलं, गाव गोल गोल चाललं. गाणं थांबलं की आकडा पुकारायचे आणि त्यावर उभा असेल तो केक घेऊन घरी. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणे. लाइलला तर दलाने खास शाबासकी दिली.

मला रविवारी प्रार्थनेनंतर कळलं. पोस्टातली बर्निस माझ्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "राग मानू नकोस पोरी, पण तुझा केक यंदा जरा कोरडा झालाय." मी म्हटलं कुठला केक? तिने सगळं सांगितलं. हॅटी हातातून पडेल म्हणून मी तिला बर्निसकडेच दिली आणि बाकावर बसले.

तेव्हापासून आमचं हेच चाललंय. मी नवे केक भाजते आणि कोल्बी दारोदार जाऊन ते देतो, जुने परत आणतो. आता कारण काय सांगायचं? खरं सांगितलं तर टॉलेफसनबाईंच्या कानावर जायला अर्धा तास पुरे. म्हणून आम्ही सांगतो, जुन्यात साखर कमी पडली होती. झालं, गावभर बोभाटा. ट्रेसा पोर झाल्यापासून साखर घालायला विसरते, ट्रेसाचा केक कोरडा, ट्रेसाचा केक घशात अडकतो. अगं, वर्षभर फ्रीजरमध्ये पडलेला केक घशात नाही अडकणार तर काय नाचणार? पण मी आपली मान हलवते, हो हो, चुकलं माझं. माझ्या हाताची सगळी अब्रू मी स्वतःच धुऊन टाकली, मावशी. कोल्बीबद्दल मात्र एक सांगते. त्याने सॉरीचा स म्हटलेला नाही, पण हॅटीला छातीशी बांधून तो त्या थंडीत घरोघर फिरला. जिथे नुसत्या केकवर भागेना तिथे त्याने हरणाचे सॉसेज दिले. अर्धं हरीण गेलं त्यात. चार वर्षांनी मिळालेलं हरीण. त्या दिवशी मी त्याचं ताट पहिलं वाढलं.

दहा खोक्यांचा पत्ता लागला. आठ धड, दोन खाऊन संपलेले. त्या दोन खोक्यांच्या जोडप्यांना मी फोन करून खरं सांगितलं. एक जोडपं खो खो हसलं, म्हणालं ताजा दे. दुसऱ्यांचा जूनमध्येच काडीमोड झालाय. ती म्हणाली, "कोणी खाल्ला? पिसाळलेल्या कुत्र्याने खाल्ला असता तरी चाललं असतं." मग म्हणाली, "चव कशी होती गं?" मला रडूच आलं.

राहिला एक. अँजेलीनचा.

कोल्बी म्हणतो, दुसरा भाज, कुणाला कळतंय. मी त्याच्या अंगावर ओलं फडकं फेकलं. तो केक दुसरा होत नाही, मावशी. तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. ते लग्न शिकारीच्या ऐन दिवसांत का काढलं, यावर गाव हसलं होतं, अर्धे पाहुणे केशरी टोप्या घालूनच आले. पण अँजेलीनचे वडील, ऑर्विलकाका, आजारी होते. डॉक्टरने सांगितलं होतं, वसंताची वाट बघू नका. लग्नाच्या दोन दिवस आधी ते एकटेच माझ्या स्वयंपाकघरात आले. टोपी हातात. म्हणाले, "पोरीच्या लग्नात मी काहीच केलं नाही, सगळं बायकांनीच केलं. या केकवर एखादी गोष्ट मला करू दे." मी त्यांच्या हातात आयसिंगची पिशवी दिली. अगं, हात म्हणजे फावडी. आयुष्यभर गहू पेरलेले ते हात, ती पिशवी त्यात दिसेना. आधी मेणकागदावर तासभर गिरवलं. मग जीभ बाहेर काढून, शाळेतल्या पोरासारखं, त्यांनी वरच्या थरावर निळ्या साखरेने लेकीचं नाव लिहिलं. एवढं मोठं लिहिलं की जावयाच्या नावाला जागाच उरली नाही. ते कडेवरून खाली उतरत बारीक बारीक होत गेलं. मी म्हटलं, पुसून परत लिहू या का? ते म्हणाले, "राहू दे. जावई तसाही काटकुळा आहे, मावेल."

एप्रिलमध्ये ते गेले. त्यांच्या हातचं दुसरं लिहिलेलं काही त्या घरात नाही, टॉलेफसनबाई मला एकदा म्हणाल्या होत्या. बँकेच्या कागदावरच्या सह्या तेवढ्या.

तर मावशी, शनिवारी मी दारात उभी राहून त्या पोरीला काय सांगू? तुझ्या बापाची अक्षरं कुणीतरी चहाबरोबर खाल्ली? मी ठरवलंय, नाहीच मिळाला तर खोटं बोलायचं नाही. तोंडावर सांगायचं. जूनमध्ये त्यांच्या धाकटीचं लग्न आहे, तीनशे पाहुण्यांचा केक मला सांगितलाय, तो जाईल, धंदाही जाईल, जाऊ दे. पण ते लोक माझ्याकडे कसे बघतील गं? मी आता स्वतः आई झालेय. उद्या हॅटीसाठी कोल्बीने असं काही केलं आणि कुणी ते हरवलं, तर मी त्या बाईचं काय करीन, हे मला माहीत आहे. म्हणून जास्तच भीती वाटते.

असो. तू तब्येतीला जप. थंडी वाढलीय, पायात मोजे घालत जा. हॅटीला तुझ्यासारखी खळी आहे, असं सगळे म्हणतात.

तुझी,
ट्रेसा

ता. क. मावशी, आता मुद्द्याचं. बर्निसने सांगितलं, शेवटचा खोका तुमच्या आश्रमाच्या पांढऱ्या व्हॅनमधून गेला. म्हणे, चाकाच्या खुर्चीतली एक बाई नऊ आकड्यावर आली आणि गाणं चालू असतानाच खुर्चीला ब्रेक लावून बसली. मागचे लोक अडकले, ओरडले, तर त्यांना म्हणाली, "चाक अडकलंय." गाणं थांबलं, नऊ पुकारला, आणि चाक लगेच सुटलं. अशी बाई या जिल्ह्यात एकच आहे.

ता. क. दुसरा. मंगळवारी लाइल तुझ्या खिडकीबाहेर उभा राहून काचेतून विचारत होता तेव्हा तू म्हणालीस, कानातलं यंत्र बिघडलंय, ऐकू येत नाही. त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत "केक" लिहून दाखवलं तेव्हा म्हणालीस, चष्मा सापडत नाही. आणि मग म्हणालीस, त्याच्या दाढीत कसलासा तुकडा अडकलाय तो काढ. मावशी, मी तुला दोष देत नाही. जिंकलेला केक तुझाच. तुला मी दर महिन्याला नवा भाजून देईन, मरेपर्यंत, लिहून देते. पण हा नको गं.

ता. क. तिसरा. हे मोठ्याने वाचू नका. हे पत्र मावशीला जी कुणी ताई वाचून दाखवत असेल तिच्यासाठी आहे. नमस्कार ताई, मी तुम्हाला ओळखत नाही, पण पाया पडते. मावशी या क्षणी खिडकीबाहेर बघत असेल किंवा झोपल्याचं सोंग घेत असेल, तर समजा की केक आहे. तिची तिथल्या स्वयंपाकीणबाईंशी मैत्री आहे, तेव्हा खालचा मोठा फ्रीजर बघा, मागे, मटारांच्या पिशव्यांच्या पलीकडे. पांढरा खोका. तिने खाल्ला असेल तर कडेने खाल्ला असेल, ती कडेनेच खाते. खालचं सगळं गेलं तरी चालेल. वरचा पापुद्रा, निळ्या अक्षरांचा, तेवढा असला तरी मला पुरे. त्याला हात लावू नका, फुंकर घालू नका, आहे तसा झाका. मला फोन करू नका. उद्या सकाळपासून टॉलेफसनबाई माझ्याकडे जूनच्या केकची चव बघायला बसणार आहेत आणि माझ्या तोंडावर सगळं दिसतं. पुढच्या टेबलावरून तर अजिबात करू नका, तिथे मर्ना बसते, ती त्यांची सख्खी बहीण. तुमच्या स्वतःच्या फोनवरून करा, बाहेर जाऊन. माझा भाऊ लाइल, त्याचा नंबर या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय. तो तुमच्याच आवाराबाहेर ट्रकमध्ये बर्फाची पेटी घेऊन बसलाय, पत्र आत दिल्यापासून हललेला नाही. बाकी काही बोलू नका, त्याला एकदम खूप सांगितलं की गोंधळतो. अक्षरं आहेत की नाहीत, एवढंच सांगा. पण ताई, मावशी काहीही म्हणो, आधी लाइलला फोन करा.