भूगोलाच्या यादीतलं दहावं नाव

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि यंदा मीही निवृत्त झाले. आपल्याच कॉलेजातून, अर्थशास्त्राची प्राध्यापक म्हणून. टेबलाचा खण रिकामा करताना प्रवेशाचा एक कोरा अर्ज हाती लागला आणि इतकी वर्षं मनात घोळणारा प्रश्न पुन्हा वर आला. त्या दिवशी मी खरं बोलले असते, तर तुम्ही काय केलं असतंत?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला विशेष विषय निवडायचा दिवस म्हणजे व्हरांड्यात बाजारच. प्रत्येक टेबलामागे एक प्राध्यापक, पुढे पुठ्ठ्यावर विषयाचं नाव. मराठीच्या बाई येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारताहेत, अर्थशास्त्राचे सर नुसतं बँकेतल्या नोकरीचं नाव काढतात आणि त्यांच्यापुढे रांग लागते. तुम्ही मात्र मान खाली घालून पेन्सिली तासत बसला आहात. दहा विद्यार्थी झाले नाहीत तर विशेष भूगोल बंद आणि तुमची बदली संस्थेच्या घाटावरच्या कॉलेजात, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारपर्यंत तुमच्या यादीत नऊ नावं होती.

दहावी मी होते. त्याआधीच्या हिवाळ्यात तुम्ही आम्हाला धामापूरच्या तलावावर नेलं होतंत. काठावरचा एक म्हातारा म्हणाला, "हेका तळ नाय." तुम्ही हसून म्हणालात, "बघूया तरी." सुंभाला हात हात अंतरावर गाठी मारून, टोकाला दगड बांधून तो होडीतून सोडलात आणि गाठी मोजायचं काम मला दिलंत. एकेक गाठ बोटांतून सरकत होती आणि दगड टेकला तेव्हा तो धक्का माझ्या हाताला कळला. न दिसणारी जागा अशी कळते, याचं मला वेड लागलं. घरी जेवतानाही मी गाठीच मोजत होते.

मग मी अर्ज तुमच्यापुढे ठेवला. वर्गात शुद्ध बोलणारे तुम्ही एकदम घरच्या बोलीत कारण विचारलंत, "तुका भूगोल कित्याक व्हयो गो?" मागे मैत्रिणी खिदळत होत्या. नकाशे आवडतात हे त्यांच्यासमोर सांगायची लाज वाटली आणि, काय सांगू, थोडा मोठेपणाही मिरवायचा होता. मी म्हणाले, "सर, तुम्हाला एक नाव कमी पडतंय ना, म्हणून." तुमचा चेहरा लालबुंद झाला. "विषय कोणार उपकार म्हणान घेवचो नसता," म्हणालात आणि माझ्या अर्जावरचा भूगोल खोडून टाकलात. शेजारच्या अर्थशास्त्राच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणालात, "थंय जा. नोकरी तरी मिळात." मी अर्ज उचलून त्या रांगेत जाऊन उभी राहिले. चूक सुधारायला एक वाक्य पुरलं असतं. संध्याकाळी शिपायाने भूगोलाचा पुठ्ठा काढून नेला.

तुम्ही घाटावर गेलात त्या दिवशी त्याच शिपायाने मला वर्गाबाहेर बोलावलं. हातात त्या गाठींच्या सुंभाची गुंडाळी. "ह्यो तुका देवक सरांनी सांगल्यानी." दुसरा निरोप नाही. म्हणजे मला भूगोल मनापासून हवा होता, हे तुम्हाला कळलं होतं का? खोडण्याआधी की नंतर? आणि आधीच कळलं असेल, तर माझ्या पोटापाण्यासाठी स्वतःचा वर्ग घालवलात का? व्हरांड्यातल्या टेबलाशी बसून मी दरवर्षी प्रत्येक मुलाला विचारत आले, हाच विषय का? सगळे म्हणत, आवडतो म्हणून. त्यातलं खरं कुणाचं, हे मला एकदाही ओळखता आलं नाही. तुम्हाला कसं आलं असेल?

तुमचा घाटावरचा पत्ता माझ्याकडे होता, तुम्ही हयात असताना. तेव्हा लिहिलं नाही. आता हा कागद त्या सुंभाच्या गुंडाळीत ठेवते आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? सर, माका भूगोलच व्हयो होतो.